घेणारे एकेचाळीस

गेनू : आत नगं, सोनबा. हितंच पायरीवर बोलतो.

सोनबा : बरोबर हाय, तात्या. चोराच्या घरात कोन येनार?

गेनू : तेच बोलायला आलोय. साधना हाय का?

सोनबा : हाय की. नोकरीची मुलाखत झाली तिची फोनवर, खिंडीत उभी राहून. आख्ख्या पासली गावात दुसरीकडं रेंज कुठं हाय? मागं शेरडं वरडत व्हती. सायबाला वाटलं, पोरगी बाजारातनं बोलती.

साधना : आप्पा, पुरे. बोला तात्या.

गेनू : बाई, तुजी चूक नव्हती. म्या डेअरीवर म्हनलो, सोनबाची पोरगी दिसभर सिनेमे ओढती, समदं नेट खाती. ते खोटं निगालं.

सोनबा : निगालं? आपसूक?

गेनू : आमच्याकडनं तुमच्या घरात आलेली नेटची तार काढली तरी नेट चालंना. परवा आमचा पोरगा समर्थ आला पुन्यास्नं. त्यानं बघितलं, तर आमचाच कॉम्प्युटर.

साधना : तो तर बंद असतो ना? काकी गेल्यापासून झाकूनच ठेवलाय.

गेनू : झाकलेला व्हता. आत चालू व्हता.

सोनबा : आन् करत काय व्हता?

गेनू : वरीसश्राद्धाला समर्थनं हिचा व्हिडिओ त्यात ठिवला. आमच्या नात्यातल्या आरतीच्या लग्नातल्या हळदीचा. ही नाचती त्यात. फोनवर पाठवायला लई मोठा. म्हनून एक प्रोग्राम टाकला. फाईल आपल्या मशिनीत, ज्याला पायजे त्या पावन्यानं आपल्या घरी बसून ओढून घ्यायची. जाताना पोरगा म्हनला, आठ दिसांनी बंद करा.

साधना : आणि तुम्ही केला नाही.

गेनू : न्हाई केला.

सोनबा : इसरला?

गेनू : इसरलो म्हनलो तर बरं दिसंल. पर न्हाई इसरलो. त्यात एक आकडा यायचा, घेनारे इतके. कधी बारा, कधी तीस. एकदा एकेचाळीस. म्या रोज फडकं उचलून बघायचो. म्हनलं, एवढी मानसं हिला बघत्यात. बंद कसं करू?

साधना : एकेचाळीस पाहुणे?

गेनू : पावनं न्हाईत. समर्थचे कॉलेजातले सिनेमे त्याच प्रोग्राममधी पडलं व्हतं. कुठल्या कुठल्या मुलखातली मानसं ते ओढत व्हती. समदं नेट त्यात जायचं. तुमालाबी पुरत नव्हतं, आमालाबी न्हाई.

साधना : आणि काकीचा व्हिडिओ?

गेनू : दोगांनी घेतला. त्यातला एक समर्थ.



सोनबा : बसा, तात्या.

गेनू : न्हाई. तार आनलीया. लावून देतो आन् जातो.

सोनबा : चंद्रावैनीनं टाकायला लावली व्हती ती तार. म्हनली, पोरगी शिकती, आमच्या दोगांला किती नेट लागतंय. तुमी उपसली, म्या काय बोललो न्हाई. तार तुमची. पर डेअरीवर बोलायचं काय कारन व्हतं?

गेनू : आकडा पडला व्हता त्या दिशी. चारावर आला व्हता. मला वाटलं, तुमी नेट खाताय म्हनून हिला कुनी बघंना.

सोनबा : आरं देवा.

गेनू : लाज वाटती सांगायला. पर तसंच झालं.

सोनबा : जाऊ द्या, झालं गेलं. आत या, चा घ्या.

साधना : जाऊ द्या कसं, आप्पा? मी रोज दूध घालायला जाते तिथं. माप घेताना भिमा विचारतो, आज कुठला सिनेमा? आणि मागच्या सगळ्या हसतात.

सोनबा : मानूस दारात आलाय, साधे.

साधना : दारात आलेत. बोलले तिथं होते.

गेनू : बरोबर हाय तिचं. उद्या डेअरीवर सांगतो मी. सकाळी सहाला, दार उगडलं की.

साधना : सहाला तिथं एकटा भिमा असतो.

गेनू : मग?

साधना : सातला या. तुम्ही बोललात त्या दिवशी तिथं बायका होत्या.

गेनू : बरं. सातला येतो. तवर तार लावू का?

साधना : आज राहू द्या, तात्या. उद्या डेअरीवरनं आल्यावर लावू.