हळदीच्या दिवशी सूर्यावर वादळ

श्रीरामपूरच्या स्टँडवर छगनराव पुण्याच्या गाडीची वाट बघत होते. मागच्या बाकावर गालाला हळद लागलेली एक पोरगी बॅग घेऊन बसली होती. तिची आजी धापा टाकत आली, तसे छगनरावांनी पेपर वर धरला आणि कान मागं लावले.

“भावाची हळद सोडून पळती व्हय गं?”

“आजी, सूर्यावर वादळ उठलंय. परवा इथवर पोचेल. बंगळुरूला माझी ड्युटी आहे.”

“तू काय वादळ आडवनार हायेस?”

“नाही गं. आमचं यान सूर्याच्या बाजूला पुढं उभंय. तिकडचा वारा आधी त्याला लागतो. त्यानं कळवलं की आम्ही उपग्रह, वीज सांभाळणाऱ्या सगळ्यांना सावध करायचं.”

“म्हंजे पाटाच्या तोंडाशी मानूस उभा करत्यात, तसं. पानी आलं की त्यो हाळी देतो.”

“अगदी तसंच.”

“आन हाळी ऐकाया शेतात कुनी नसलं तर?”

“म्हणून तर निघाले.”

“तुजा आजा सोताच्या हळदीतनं उठून दारं धराया गेल्ता. पाटाला पानी सुटलं हुतं, त्ये वाफ्यावाफ्यात वळवाया नको? पिवळ्या अंगानं चिखलात उभा!”

“आई लई चिडलीय.”

“तिला मी सांगते, पोरगी दारं धराया गेली. ऊठ, गाडी लागली.”