टँकर आलाऽऽ!

...आणि वर पेशंट मलाच विचारतात, "मॅडम, एवढं दचकता कावून?" अहो, दचकू नको तर काय करू? आमच्या सरकारी दवाखान्यातले दुसरे डॉक्टर दिवाळीला घरी गेले ते परतलेच नाहीत! त्यांचे पेशंट माझे, माझे तर माझेच, विंचू चावलेला माझा, बाळंतीण माझी, दुष्काळातलं गढूळ पाणी प्यालेली अख्ख्या गावाची पोटं माझी! सततच्या ताणानं मेंदूतला भीतीचा बदामाएवढा भाग जागाच राहतो आणि आठवणीचा भाग आक्रसतो, हे कॉलेजात शिकले होते... परीक्षेपुरतं! तुम्हाला सांगते, मेंदू आहे की बोअरवेल? नुसता उपसा, पाझरायला वेळच नाही!

मागच्या आठवड्यात तात्याबांना म्हटलं, "जीभ दाखवा," आणि काढली कुणी? मी! म्हातारा वाकून बघतो, "पांढरी हाय की, बाई. पोट साफ न्हाई तुमचं." रांग हसली, आणि मी... रडले. ठरवलं, सोमवारी शिरूरला तालुक्याच्या आरोग्य साहेबांकडे जायचं, नोकरी सोडते म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला आमच्या दवाखान्यातल्या सरस्वतीमावशी ओरडल्या, "टँकर आलाऽऽ!" दूध संघाचा टँकर हो, दूध आटलं, आता पाणी वाहतो, त्याचं नाव काढलं की सलाईन लावलेलासुद्धा घागर शोधतो! दवाखाना रिकामा. मी डबा खाल्ला, टेबलावर डोकं टेकलं... गाढ! मग रोजच तसं. रोज टँकर? या दुष्काळात? पण विचार कोण करणार? मेंदू आहे की बोअरवेल?

शनिवारी त्या दुपारच्या झोपेतून लवकर जाग आली. खिडकीतून बघते तर टँकर नाही, घागर नाही... अख्खी रांग लिंबाखाली मुकाट बसलेली! छबुबाई नवऱ्याच्या तोंडावर पदर दाबून, "गप बसा की जरा! खोकला काय पळून चाललाय व्हय? बाई निजल्यात."

भरून आलं हो! ज्यांच्या रांजणात थेंब नाही, त्यांनी माझ्यासाठी पाण्याची खोटी हाक मारावी? यांना सोडून कुठं जाऊ?

तरी सोमवारी साहेबांकडे गेले. म्हटलं, "सर, जीव मेटाकुटीला आलाय, दुसरा डॉक्टर द्या..." आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "टँकर आलाऽऽ!" खराखुरा! पण मेंदूला सवय लागलेली, त्याला काय कळतंय? जाग आली तेव्हा साहेब फायली आवरत होते. म्हणाले, "मॅडम, इतकी गाढ झोप मला घरीसुद्धा लागत नाही. दुसरा डॉक्टर कशाला? छान मानवलीय तुम्हाला नोकरी!"

जाऊ द्या... जेवायची वेळ झाली. सरस्वतीमावशीऽऽ, टँकर आला का हो?