उलटा आर

सांगलीत मोबाईल दुरुस्त करतोय इतकी वर्षं, पण एक फोन अजून जिवाला लागलाय बघा. औंधचे एक सुभेदार आले. रशियात डॉक्टरकी शिकणारा त्यांचा मुलगा अपघातात गेलेला. फोटो सगळे त्याच्या फोनमध्ये. पासवर्ड त्याच्या वहीत सापडला, पण त्यात एक इंग्रजी आर उलटा.

सुभेदार म्हणाले, "ल्हानपणी आर उलटाच काढायचा. लय मारलंय त्यापायी. तुमी सरळ टाका."

सरळ आर कधी लहान, कधी मोठा टाकून बघत गेलो; दहाव्यांदा चुकलं आणि फोन फोटोंसकट आपोआप कोरा झाला.

पुढं कळलं, तो उलटा आर म्हणजे रशियन अक्षर होतं. कीबोर्डची भाषा रशियन केली की उमटतं. अर्थ 'मी'.

सुभेदारांना फोन करून सांगितलं. तर म्हणाले, "म्हंजी त्यो 'मी' म्हणत हुता, आन् म्या पुन्ना त्याची चूकच काढली."