फक्त एक प्रश्न

हैफातल्या दवाखान्यात माझ्यापुढे एक परदेशी मुलगी उभी होती. तेवढ्यात एक आजी रांग सोडून थेट डॉक्टरांच्या दाराकडे निघाल्या.

"आजी, रांग इथे आहे," ती मुलगी म्हणाली.

"मला फक्त एक प्रश्न विचारायचाय."

"आम्हा सगळ्यांना तेवढंच विचारायचंय."

"इंग्रजीत सांगू का तुला?"

"नको. हिब्रूतच भांडा, पुढच्या आठवड्यात माझी परीक्षा आहे."

"कुठली गं तू?"

"पेरूची. एका सत्रासाठी इथल्या विद्यापीठात आलेय."

"आणि एवढी जीभ चालवायला कुणी शिकवलं?"

"घरमालकीणबाईंनी. त्या रोज ओरडतात, मी रोज उत्तर देते."

"शाब्बास! परत कधी जाणार?"

"परीक्षा झाली की."

"अगं, आत्ता कुठे आमच्यातली झालीस, आणि लगेच निघालीस?"

"आजी, बोलता बोलता दारापर्यंत पोचलात. मागे या."