बॅगांच्या खोलीचं कुलूप

मी, बेबीनंदा रामकिसन साळवे, वय ४७ वर्षे, व्यवसाय नोकरी (जिल्हा परिषद शाळेत सहशिक्षिका), राहणार पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, माझ्यावर बॅगा चोरल्याची जी तक्रार आलेली आहे ती खोटी आहे. मी चोरी केलेली न्हाई. कुलूप लावलं, हे खरं आहे. हवालदार पुंजाराम यांना मी सुरुवातीलाच सांगितलं आहे की मी बोलते तसंच लिहा, नसता सही करणार न्हाई.

आज जालना येथील एका मंगल कार्यालयात जिल्ह्यातील शिक्षकांचं संमेलन होतं. आयोजक बद्रीनाथ सर, तेच तक्रारदार आहेत. नोकरीच्या इतक्या वर्षांत अशा संमेलनांना मी नुसती खाली बसायला आल्ते. या वेळी पहिल्यांदा मला स्टेजवर वीस मिनिटं दिली. विषय होता, वर्गात तोंड न उघडणारं लेकरू. आमच्या शाळेत ऊसतोडीहून परतलेली लेकरं महिना महिना बोलत न्हाईत. त्यांना बोलतं कसं करायचं ते मला करून करून सापडलेलं आहे, ते बाकीच्या शिक्षकांना कळावं एवढीच इच्छा होती. त्यापायी सकाळी जेवण सोडून बोलायचंच घोकत बसले. आमचे मिस्टर म्हणाले, "तुला काय आमदारकीला उभं राहायचंय का?"

मी माईकवर सांगत होते की, लेकरू बोलायला लागलं की मास्तरानं त्याच्यापाशी खाली बसायचं, त्याचं शेवटपर्यंत ऐकायचं, मधी तोडायचं न्हाई. तेवढ्यात बद्रीनाथ सर स्टेजवर आले आणि माझ्या हातातला माईक घेऊन म्हणाले, "एक मिनिट मॅडम. बॅगा आलेल्या आहेत, मागच्या खोलीपाशी लाइन लावा." माईक माझ्या हातात परत आला तेव्हा हॉल रिकामा झाल्ता. पुढच्या रांगेत दोघं राह्यले होते, त्यातले एक झोपलेले.

बॅगा एका बियाणे कंपनीनं फुकट दिलेल्या. आत स्टीलची बाटली, पेन, डायरी. वाटणारे मात्र बद्रीनाथ सर, आयजीच्या जिवावर बायजी उदार. फुकट ते पौष्टिक, हे मलाही लागू आहे. खोटं कशाला बोलू, आत्ता माझ्या खांद्याला आहे ती मागच्या संमेलनातलीच बॅग. मास्तराला कोणी काही देतं याचं मलाही बरं वाटतं. पण बॅग काय नासणारी भाजी होती का, माझं बोलणं होईस्तोवर थांबली नसती का, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "खरं सांगू का मॅडम, बॅगा नसत्या तर तुमचं ऐकायला कुत्रंही आलं नसतं." इथं माझं डोकं फिरलं.

मी मागच्या खोलीकडे गेले. वाटप अजून सुरू व्हायचं होतं, आत कोणी नव्हतं. कडीला कुलूप चावीसकट लटकत होतं. दार ओढून कुलूप लावलं, चावी मुठीत धरली आणि दाराला पाठ लावून उभी राह्यले. म्हटलं, "माझं राह्यलेलं ऐका, मंग काढते." आणि तिथंच, माईकशिवाय, बोलायला लागले. काही जण हसले. एक सर म्हणाले, "जल्दी आटपा मॅडम, उकडून राह्यलंय." बाकीचे लाइन न सोडता उभे होते. ते माझं ऐकत होते का बॅगेसाठी थांबले होते, हे मला सांगता येत न्हाई.

तेवढ्यात रूपाली मॅडम गर्दीतून पुढं आल्या. त्या मंठ्याकडच्या शाळेवर आहेत, त्यांना सातवा महिना चालू आहे. म्हणाल्या, "ताई, मला बॅग नको. हजेरीचं प्रमाणपत्र त्या बॅगेतच घातलंय. ते न्हाई मिळालं तर आजची रजा लागंल. माझी बस निघून राह्यली." प्रमाणपत्र बॅगेत आहे हे मला बिलकुल ठाऊक नव्हतं. अवघडलेल्या बाईला ताटकळत ठेवून मी दुसऱ्याचं ऐकावं कसं ते शिकवून राह्यले होते, याची मला लाज वाटली.

कुलूप मी माझ्या हातानं काढलं. पहिली बॅग रूपाली मॅडमना दिली आणि चावी बद्रीनाथ सरांच्या हातात ठेवली. मंग एकच झुंबड उडाली, त्यात खिडकीची काच फुटली. कोणाच्या धक्क्यानं, ते मी पाहिलं न्हाई. मी बॅग घेतली न्हाई. त्यामुळं मी आज संमेलनाला हजर होते याचं प्रमाणपत्र माझ्यापाशी न्हाई.

बद्रीनाथ सर आत्ता बाहेर बाकड्यावर बसलेले आहेत. त्यांचा निरोप असा की, मानसिक तोल गेल्यामुळं असं घडलं, एवढं लिहून दिलं तर तक्रार मागं घेतो, नसता वरती कळवतो. नोकरीची मला भीती आहे, घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं. तरी तोल गेला असं मी लिहून देणार न्हाई. मला राग आल्ता. रागाला राग लिहा.

वरचा जबाब पुंजाराम हवालदारांनी मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. मधी दोनदा त्यांचा फोन वाजला, तो त्यांनी उचलला न्हाई. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बराबर आहे, काही कमी-जास्त करायचं न्हाई. आज माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं गेलं ते इथंच, म्हणून सही करते.