आठाबाईंचं माहेरपण

“हॅलो?… हो, लोकरीचंच दुकान… अरे, तूच बोलतोयस, मग दुकान आहे का म्हणून काय विचारतोस? सकाळपासून कितव्यांदा फोन करतोयस?… बरं, बोल. पण लवकर बोल, गिऱ्हाईक उभं आहे.”

गिऱ्हाईक खरोखरच उभं होतं. कपाळावर चष्मा चढवलेल्या एक बाई करड्या लोकरीचे दोन गुंडे दोन हातांत धरून, त्यांच्यात फरक काय ते दिव्याखाली शोधत होत्या. गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर बसलेल्या लोकरताईंनी मान वाकडी करून रिसीव्हर खांद्यात अडकवला आणि हात मोकळे करून घेतले. धाकट्या भावाचा फोन आला की हात मोकळे लागायचेच. त्याचं बोलणं संपेपर्यंत एखादा पायमोजा सहज विणून व्हायचा. जन्मभर त्याने लोकांचे नळ बंद करून दिले, पण त्याच्या तोंडाचा नळ कुणाला बंद करता आला नव्हता, आणि त्यातून थापा अशा वाहायच्या की ऐकणाऱ्याचे पाय ओले व्हावेत.

“झालं डोकं?… पुरं झालं? वा. मग रडवेला का झालायस?… केवढं?… नाही, नीट सांग. लिंबाएवढं व्हायला हवं. फार तर संत्र्याएवढं… कशावर बसलं म्हणालास?… तुझ्या डोक्यावर?… कानांवरून खाली येतंय?… अरे, तुला ऑक्टोपस करायला सांगितला होता की कानटोपी?”

हा सगळा घोळ आठाबाईंपायी झाला होता. आठाबाई म्हणजे क्रोशाने विणलेला, मुठीत मावेल एवढा जांभळा ऑक्टोपस. भावाच्या नातीसाठी, भिंगरीसाठी, तो लोकरताईंनीच केला होता, आणि तो गालाखाली असल्याशिवाय भिंगरी डोळा मिटत नसे. भिंगरीची आई यंदा प्रथमच पोरीला आजोबांकडे सोडून कामाला परगावी गेली. जाताना बापाला एकच बजावलं, तिला थापा मारायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ फुटला. घरात तळं झालं. आजोबांनी मोरीची जाळी काढून पाण्याला वाट करून दिली, तर जमिनीवर बसलेल्या आठाबाईही पाण्याबरोबर निघून गेल्या. नात दारात उभी. आजोबांच्या तोंडून निघून गेलं, अगं, ती माहेरी गेली. सगळे पाइप शेवटी समुद्रालाच मिळतात. आठवडाभर आईकडे राहील आणि येईल.

ताईंनी नवी करून पाठवायला साफ नकार दिला, थाप ज्याची त्यानेच विणून निस्तरायची, म्हणून आजोबा रोज फोनवर टाके विचारत तशीच दुसरी विणत होते. तो आठवडा आज संपत होता. संध्याकाळी भिंगरीची आई तिला न्यायला येणार होती.

“आणि भोकं कसली?… बोट आरपार जातं? वीण गच्च बसायला हवी… थांब. थांब जरा. तू खांब घातलेस?… अरे, मी मुका खांब सांगितला होता. मुका… मुका… अहो, तुम्हाला नाही, तुम्ही बघा निवांत.”

करड्या लोकरीच्या बाईंनी चमकून वर पाहिलं होतं.

“मुका म्हणजे काय विचारतोस आता? ज्याला वाचा नसते तो मुका. क्रोशातला बुटका टाका. नुसता खांब त्याच्या दुप्पट उंच होतो. म्हणून तर तुझी टोपी झाली… काय?… परत म्हण… मी ‘सहा मुके खांब घाल’ म्हटलं की तू भिंगरीचे सहा मुके घ्यायचास?… आणि मग खांब घालायचास?”

लोकरताईंच्या हातातल्या सुया थांबल्या.

“अरे, पण दर ओळीला मी पोरीचे मुके कशाला घ्यायला सांगेन?… माया आली असेल म्हणून? मला?… ते खरं आहे, पण फोनवर कोण एवढी माया… बरं, मग खांब किती घातलेस?… बसतील तेवढे. शाबास… आणि ती काय म्हणायची?… अठरा मुक्यांच्या ओळीला माळ्यावर जाऊन बसली. बसेल नाही तर काय करेल. गाल आहेत का काय आहे तिचे.”

बाईंनी एक गुंडा पुढे केला आणि रंग जाईल का म्हणून विचारलं. ताईंनी रिसीव्हरवर हात ठेवला.

“जाईल. पहिल्याच धुण्याला जाईल. ती दुसरी घ्या… दुसरी खाजते, पण रंग पक्का आहे.”

लोकरताईंचं हे असंच. खोटं बोलायला त्यांच्या जिभेला वळणच नव्हतं. जे न विचारता सांगायला नको तेही त्या सांगत, त्यामुळे माल खपायचा कमी आणि गिऱ्हाईक मात्र टिकायचं.

“हां, बोल. सगळं उसव आणि परत… वेळ नाही?… शाळा कधी सुटते तिची?… म्हणजे आत्ताच की. मग हा फोन काल का नाही केलास?… केला होतास, हो, पण काल तू सगळं झकास चाललंय म्हणालास. फुशारकी मारायला फोन करतोस आणि बुडायला लागलास की… बरं. ऐक. आठाबाईच्या डोक्यात भरतोयस काय?… ताग? नळाच्या आट्यांना गुंडाळतात तो? तो बाहेर नाही येत भोकांतून?… मिशा फुटल्यासारखा दिसतोय. दिसणारच. तो उपस आधी. तुझा एक धुतलेला मोजा घे… धुतलेला म्हटलं मी… तो आत घाल, त्यात कापूस भर, म्हणजे भोकांतून काही डोकावणार नाही… हो, उशीतला चालेल.”

पलीकडे बरीच खुडबूड झाली असावी, कारण ताई नुसत्या “हं… हं…” करत चार-पाच टाके पुढे गेल्या.

“पाय जोडलेस?… सात? आठवा कुठाय?… लोकर संपली. संपणारच, घोड्याएवढं डोकं केल्यावर. आता मी इथून पाठवली तर ती उद्या पोचणार… हिरवी? तुझ्याकडे हिरवी लोकर कुठून आली?… कोणता मफलर?… मी केलेला? अरे, डोळे फोडून घेतले होते मी त्या नक्षीपायी… कडेनंच उसवलास. थोडासा म्हणजे केवढा?… अख्खा पाय निघाला तर तो थोडासा कसा?… आता थंडीत काय गळ्याला पाइप गुंडाळणार आहेस?”

त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या खांद्यावर घेतला. मग आवाज खाली आणून बोलू लागल्या.

“माझं ऐकशील? तिला खरं सांगून टाक. मोरीतून गेली, आजोबांच्या हातून चूक झाली, ही नवी केलीय… रडेल. रडेल आणि थांबेल… शाळेत सगळ्यांना सांगितलंय तिनं? बाईंनासुद्धा?… आणि आईला रोज रात्री फोनवर?… मग तर सांगच. आई आल्यावर ते बाहेर येण्यापेक्षा… हो, नाही पाठवणार ती परत पोरीला. माहीत आहे मला… नाही रे, कायमची कशी नाही पाठवणार… अरे, पण घर खायला उठेल हे मला काय सांगतोस, थाप मारताना सुचलं नाही?… मी काही सांगणार नाही. तुझी थाप, तूच निस्तर. जन्मात एकदा तरी… हॅलो? आवाज का बसलाय तुझा?… रडतोयस की काय?… सर्दी. बरं, सर्दी.”

सुया आता मांडीवरच पडल्या होत्या. त्यांनी कारण नसताना गल्ला उघडला, बंद केला.

“आठवा पाय तरी जोड चटकन. हिरवा तर हिरवा… अडकवलास?… दार कोण वाजवतंय?… आली? आधी लपव ते… कुठे आहे?… अजून तुझ्या डोक्यावर? पाय मोजायला ठेवलं होतंस ते काढायचं नाही? काढ… बघितलं तिनं? हॅलो?… अरे, फोन असा लोंबकळत सोडू नकोस. हॅलो?”

लोंबकळत्या फोनमधून जे येईल ते ताई कान देऊन ऐकू लागल्या. भुवया मात्र वर वर सरकत होत्या. करड्या लोकरीच्या बाईही आता लोकर सोडून त्यांच्याकडेच बघत होत्या.

“हं. ऐकलं मी… ही आठाबाई नाहीच म्हणते? बरोबरच म्हणतेय. डोळे आहेत पोरीला… अरे, आता आणखी नवं काय सांगतोयस तिला?… कुणाला विचारायचं?… आठाबाईच्या आईला? आणि ती कोण?… कुठल्या फोनवर आहे?… नाही. मुळीच नाही. मी कशी… हे बघ, तू आयुष्यभर मला तोंडघशी पाडत आलायस, पण आज… ए, तिच्या हातात देऊ नकोस. ऐक माझं, देऊ नकोस—”

पलीकडून आता लहान, धावून आलेला श्वास ऐकू येत होता. शाळेतून आलेल्या, जराशा वाहणाऱ्या नाकाचा.

मी तुझ्या आजोबांची ताई बोलतेय, हे वाक्य लोकरताईंच्या ओठांवर अगदी तयार होतं. पहिला शब्द बाहेर आलासुद्धा.

“मी… हो… कोण, मी?…”

त्यांनी दुकानभर नजर फिरवली. कपाटांतली लोकर, दिवा, बाई, कुणीही मदतीला आलं नाही.

“हो. मी आठाबाईची आई बोलतेय.”

कपाळावरचा चष्मा आपोआप बाईंच्या नाकावर उतरला.

“नमस्कार, नमस्कार… आवाज ओळखीचा वाटतो? पाण्याखालून बोलतेय ना मी, पाण्याखाली सगळ्या बायकांचे आवाज सारखेच येतात… हो, पोचली कधीच? बरं झालं… मोठी दिसतेय? दिसणारच. आठ दिवस आईकडे राहून आली. माहेरी मुली अंगानं भरतात, तुझ्या आईला विचार हवं तर… इतकी कशी म्हणजे? तू एका हातानं जेवतेस, ती आठ हातांनी जेवते. हिशोब कर… नाही, आता लहान होणार नाही. तुला आवडत नाही का मोठी?… उशीसारखी होते? मग चांगलंच की.”

ताईंनी पदराने कपाळ टिपलं. पण जरा सैलावल्याही होत्या. जिभेला वळण नसतं म्हणतात, पण ती एकदा उताराला लागली की थांबत नाही.

“हिरवा पाय… तो पाय नाही गं, पायमोजा आहे. इथे खाली गारठा फार. मीच विणून घातला… एकच का? अगं, सात व्हायचेत अजून. दुकान सांभाळून मी किती… दुकान? हो, समुद्रात पण दुकान असतं. नाही तर माशांनी कुठे जायचं?… काय विकते? ते नंतर सांगेन… डोळ्यांना काय झालं?… गोल?… काळे?… आणि मधे भोक?”

लोकरताईंनी डोळे मिटून घेतले. त्या माणसाने काळ्या दोऱ्याने डोळे भरायचे सोडून तिथे नळाचे वॉशर शिवले होते.

“चष्मा आहे तो. चष्मा लागलाय तिला… खाली अंधार असतो, त्यात वाचत बसते. कितीदा सांगितलं, ऐकत नाही.”

करड्या लोकरीच्या बाईंनी स्वतःचा चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

“तुझे आजोबा?… छे, मी कशी ओळखणार. नळाचं काम चांगलं करतात असं ऐकून आहे… थापा मारतात का?”

इथे मात्र ताई अडखळल्या. खांद्यातला रिसीव्हर त्यांनी हातात घेतला, नीट कानाशी धरला.

“मारतात कधीमधी. तुझ्या आईला तसं वाटतं ते काही उगाच नाही… पण हे बघ, तुझी आठाबाई माझीच. तिच्या डोक्याचा पहिला टाका मी घातलाय, ती मी केलीय, ह्या माझ्या हातांनी. ह्यात एवढंसंसुद्धा खोटं नाही… आणि तुझे आजोबा ना, तिला परत आणायला आठवडाभर झोपले नसतील, हे मी इथून सांगते… बोटांना काय झालंय त्यांच्या? चिकटपट्टी लावलीय?… सगळ्या बोटांना?… बघ म्हणजे.”

 मग पलीकडून काहीतरी विचारणं झालं असावं, कारण ताईंच्या चेहऱ्यावरचा त्रास एकदम कुठेतरी गेला.

“मला?… मला करमेल की. पुष्कळ कामं असतात मला… एकटी कुठे, गिऱ्हाईक असतं… बरं, पाठव पुढच्या सुट्टीत. पण मोरीतून नको पाठवूस, ऐकलंस का? दारातून पाठव, माणसासारखी… हो, तूही ये… आजोबांना? बरं, त्यांनाही घेऊन ये… काय? तिला द्यायचाय फोन? आत्ता?… अगं, राहू दे, दमली असेल… बरं, दे.”

लोकरीचा खरखर आवाज आला. ऑक्टोपसाच्या कानाशी फोन लावला गेला होता. कान कुठे असेल ते भिंगरीलाच ठाऊक.

गिऱ्हाईकासमोर लोकरताई स्टुलावर ताठ बसल्या.

“हॅलो?… आठाबाई?… हं, मीच. पोचलीस ना नीट?… चष्मा पडू देऊ नकोस. पायमोजा ओला ठेवू नकोस, आणि पोरीला रात्री लाथा मारू नकोस, आठ आठ पाय आहेत तुला… आणि त्या आजोबांकडे जरा लक्ष ठेव. त्यांना आता मफलर… हॅलो?… हॅलो?”

कुणीतरी आठाबाईंना फोनसकट कवटाळलं असावं. खट्ट झालं आणि लाइन गेली.

ताई रिसीव्हरकडे बघत राहिल्या. मग तो आपटून ठेवला, सुया उचलल्या आणि करड्या लोकरीच्या बाईंना म्हणाल्या, “बघितलंत? आई बोलतेय, तर मधेच फोन ठेवून दिला. काही वळण लावता येत नाही हो पोरींना.”