उजवं चाक

२००९ साली दाराची कडी निखळली म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानात रांगेत उभी होते. पुढे एक सुतार आणि त्याची कॉलेजातली लेक. तिच्या पिशवीत ड्रिल मशीनचे सुटे भाग.

“उद्या स्पर्धा आहे, बाबा. रोबो पुढे निघाला की उजवं चाक गळून पडतं.”

“आणि डावं?”

“ते घट्ट आहे. दोन्ही चाकं तुमच्या दोन ड्रिलच्या गिअरबॉक्सवर अगदी सारखी बसवलीत.”

“पाठीला पाठ लावून ना? मग एक सुलटं फिरणार, एक उलटं. उलटं फिरणारं सुटणारच. ड्रिलच्या तोंडात आत एक स्क्रू होता, तो कुठाय?”

“निघतच नव्हता. शेवटी तोडला. दोन्हीतला.”

“उलट्या आट्यांचा असतो तो, शहाणे! तोंड सुटू नये म्हणूनच असतो. मला विचारायचंस.”

“विचारलं असतं तर दोन्ही ड्रिल दिल्या असत्यात?”

“नसत्या दिल्या.”

“मग?”

“मग काय! सोमवारी भोकं काय नाकाने पाडू?”

“बाबा…”

“अहो शेठ, उलट्या आट्यांचे दोन स्क्रू द्या. नको, चार द्या. आमची लेक धांदरट आहे.”

रोबो दुसऱ्या फेरीत हरला, पण चाक जागेवर राहिलं. हे मला सुतारानेच सांगितलं, माझी कडी बसवताना. भोकं तो हाताने फिरवायच्या गिरमिटाने पाडत होता. लेक पुढे गिअरबॉक्सच्या कारखान्यात लागली आणि पहिल्या पगारात तिने त्याला नवी ड्रिल आणली. तो वारला तेव्हा ती ड्रिल न वापरलेली, खोक्यातच होती. वर त्याच्या हातची चिठ्ठी होती: “लेकीला लागेल, रोबोसाठी.”